मुख्य प्रवाह कोणाचा?

२०२५ च्या एप्रिल महिन्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याचा शासननिर्णय निघाला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. जूनमध्ये त्यात फेरबदल झाले, पण विरोध ओसरला नाही. अखेर २९ जूनला शासनाने निर्णय मागे घेतला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या दोन-अडीच महिन्यांत सभा झाल्या, अग्रलेख झाले, साहित्यिकांची पत्रके निघाली, बालमानसशास्त्राचे दाखले दिले गेले. सहा वर्षांच्या कोवळ्या जिवावर भाषांचे ओझे लादू नका, त्याला आधी मातृभाषेत नीट उभे राहू द्या, मग पुढचे पाहू, हा त्या साऱ्या प्रतिपादनाचा गाभा होता आणि तो निर्विवाद योग्य होता.

मात्र या कोलाहलात एका मुलाची आठवण क्वचितच कोणाला झाली. अमरावती जिल्ह्यातील धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगराळ मुलखात, मेळघाटात, तो राहतो. घरात, अंगणात, रानात तो कोरकू बोलतो. सहाव्या वर्षी तो शाळेत जातो आणि तेथे त्याची गाठ मराठीशी पडते. त्याच्या दृष्टीने ही परकी भाषा असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्याने दुसरी परकी भाषाही त्याच वर्षी दाराशी येते. म्हणजे ज्या तिसऱ्या भाषेच्या नुसत्या कल्पनेने पुण्या-मुंबईचे पालक अस्वस्थ झाले, ती तिसरी भाषा मेळघाटातील मूल गेली पंचवीस वर्षे निमूटपणे वाहत आहे. फरक इतकाच, की त्याची पहिली भाषा शाळेत शिकवलीच जात नाही!

हे ओझे किती आहे, याची कल्पना शहरी वाचकाला सहसा नसते. कोरकू ही मराठीची बोली आहे, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुत: भाषाशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणानुसार कोरकू मुंडा गटातील भाषा आहे, संथालीची सख्खी नातलग. गोंडी आणि माडिया द्रविड कुळातील, तेलुगू-कन्नडच्या गोत्रातील आहेत. त्याच वर्गीकरणानुसार मराठी आणि इंग्रजी मात्र एकाच विशाल भाषाकुळाच्या दूरस्थ शाखा ठरतात. तेव्हा कोरकू मुलाला मराठी जितकी दूरची, तितकी मराठी मुलाला इंग्रजीदेखील दूरची नाही. त्यातून त्या मुलापुढे उघडले जाते ते 'अ अननसाचा' म्हणणारे अंकलिपीचे पान. मोह, तेंदू, अस्वल आणि गवा ज्याला पावलोपावली भेटतात, त्या मुलाने अननस कधी पाहिलेला नसतो. ध्वनी अनोळखी, शब्द अनोळखी आणि ज्या वस्तूच्या चित्रावरून शब्द ओळखायचा ती वस्तूही अनोळखी. असे मूल वर्गात गप्प बसते. मग अहवालात नोंद होते : आकलन कमी, गळती अधिक, पालक उदासीन.

या साऱ्यावर शासकीय व्यासपीठांवरून आणि, खेद वाटतो पण सांगितले पाहिजे, सेवाभावी संस्थांच्या व्यासपीठांवरूनही एकच उपाय सांगितला जातो. या बांधवांना मुख्य प्रवाहात आणले पाहिजे. हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की, त्याचा अर्थ काय, हे विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. प्रवाहात येणाऱ्याने येताना काय बरोबर आणावे आणि काय काठावर सोडून यावे? हा प्रवाह मुख्य आहे, हे ठरविले कोणी?

या प्रश्नाचे एक उत्तर जगाच्या पाठीवर अत्यंत काटेकोरपणे, कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेले आहे. ते कॅनडात सापडते.

कॅनडाने १८७६ मध्ये तेथील मूळ रहिवाशांसाठी 'इंडियन ॲक्ट' केला. त्या कायद्यात एक विलक्षण कलम होते. जो मूळ रहिवासी विद्यापीठाची पदवी घेईल, वैद्य वा वकील होईल किंवा धर्मोपदेशकाची दीक्षा घेईल, त्याची कायद्याच्या दृष्टीने असलेली 'इंडियन' ही ओळख आपोआप संपुष्टात येई. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या लेखी ही शिक्षा नव्हतीच, बढती होती! तू शिकलास, शहाणा झालास, आता तुला 'त्यांच्यातला' राहण्याचे कारण उरले नाही, असा तो उदार भाव होता. ही सक्ती पुढे सैल झाली. तथापि मुख्य प्रवाहात आणणे म्हणजे काय, हे इतक्या प्रामाणिकपणे अन्यत्र क्वचितच नमूद झाले असेल. पदवी हवी तर समाज सोडा, समाज हवा तर पदवी विसरा.

त्याच विचारातून निवासी शाळांची व्यवस्था उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९६ पर्यंत, शतकाहून अधिक काळ, ती चालली. खर्च सरकारचा आणि चालविण्याचे काम प्रामुख्याने कॅथलिक, अँग्लिकन आदी चर्चचे. १९२० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलांना शाळेत धाडणे सक्तीचे झाले. ती दुरुस्ती रेटणारा अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट हा त्या देशाचा नावाजलेला कवी होता, हेही येथे नोंदवून ठेवावे. काव्यशास्त्रविनोदात रमणारी माणसेच अशी कामे निश्चिंत मनाने करू शकतात. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. आल्याबरोबर त्यांचे केस कापले जात, घरचे कपडे काढून घेतले जात. अनेक ठिकाणी नावाऐवजी क्रमांक मिळे. आईची भाषा तोंडातून निघाली तर मार बसे. डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ मध्येच या शाळांतील क्षयरोग आणि मृत्यूंचे भयावह प्रमाण सरकारच्या दृष्टीस आणून दिले होते. त्याचे ऐकले गेले नाही. निवृत्तीनंतर १९२२ मध्ये त्याने स्वत:च पुस्तिका छापून या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले, तरीही शाळा पुढे चौऱ्याहत्तर वर्षे सुरू राहिल्या. या शाळांत दगावलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नोंद आजवर झाली आहे.

११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली. सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये आपला अहवाल सादर केला आणि घडले त्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' असे नाव दिले. २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन माफी मागितली. क्षमायाचना झाल्या, त्या स्वागतार्हच. परंतु आजीने नातवाशी ज्या भाषेत बोलायचे ती भाषाच आजीच्या तोंडून काढून घेतलेली असेल, तर क्षमापत्राने ती परत येत नाही.

येथे वाचक थबकेल आणि विचारेल, कॅनडाची तुलना महाराष्ट्राशी कशी होईल? ती तशीच्या तशी होत नाही आणि करूही नये. भारतात कोणत्याही जनजातीच्या भाषेवर कायद्याने बंदी नाही. मुलांना आईच्या कुशीतून हिसकावून नेणारे पोलीस नाहीत. उलट, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने घातलेला ३५० अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे दायित्व राज्यांवर टाकतो. महाराष्ट्रातील शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून अधिक आश्रमशाळा दुर्गम भागातील मुलांना अन्न, निवारा आणि अक्षर देण्यासाठी निघाल्या. त्यामागचा हेतू शुद्ध होता आणि अनेक ठिकाणी निष्ठावंत शिक्षकांनी तेथे आयुष्य वेचले आहे. नियतीने दोन्ही देशांना एका पंक्तीत बसविलेले नाही.

पण कॅनडाच्या कायद्यात जे कलम लिहिलेले होते, ते महाराष्ट्रात न लिहिता पाळले जाते, त्याचे काय? कोरकू तरुण पदवीधर होतो, अमरावतीत किंवा नागपुरात नोकरीला लागतो आणि चारचौघांत कोरकू बोलणे सोडतो. त्याला कोणी मना केलेले नसते. त्याने केवळ बारा-पंधरा वर्षांच्या शाळेत हे पाहिलेले असते की, फळ्यावर, पुस्तकात, परीक्षेत, बक्षीस समारंभात, कोठेही त्याच्या आईच्या भाषेला जागा नव्हती. जिला कोठेच जागा नाही ती गोष्ट लाजिरवाणी असली पाहिजे, असा निष्कर्ष मूल स्वत:च काढते. शासनाची आणखी एक योजना आहे. जनजातींमधील मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवायचे आणि शुल्क शासनाने भरायचे. संधी म्हणून ती नाकारण्याजोगी नाही. तथापि त्या मुलाला सुट्टीत घरी आल्यावर आजोबांशी बोलता यावे, यासाठी कोणती तरतूद आहे, असे विचारले तर प्रश्न विचारणाराच प्रतिगामी ठरण्याचा संभव अधिक.

न्यूझीलंडने हाच रस्ता आधी तुडवला आणि मग तो मागे फिरला. तेथे १८६७ च्या कायद्याने माओरींसाठीच्या शाळांत इंग्रजी हेच माध्यम ठरले. माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या पिढ्या मोठ्या झाल्या आणि त्यांनी आपल्या मुलांशी मुद्दाम इंग्रजीच बोलायला सुरुवात केली. मार आपल्याला बसला, मुलांना बसू नये, हे साधे मातृवात्सल्य त्यामागे होते. एक संपूर्ण भाषा अशी मायेपोटी मरणपंथाला लागली. १४ सप्टेंबर १९७२ रोजी तरुण माओरी कार्यकर्त्यांनी तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेला दिले. माओरी भाषा शाळांत शिकवा, एवढीच मागणी. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता येथे पहिले 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. कल्पना अगदी घरगुती होती. ज्यांना भाषा येते अशा आज्या-आजोबांच्या ओटीत शाळेपूर्वीची मुले द्यायची आणि त्या छपराखाली फक्त माओरी बोलायचे. अभ्यासक्रम तयार होण्याची, तज्ज्ञ समितीची, शासकीय मान्यतेची वाट त्या समाजाने पाहिली नाही. तीनच वर्षांत तीनशेहून अधिक घरटी झाली. ही मुले मोठी होऊ लागली तेव्हा त्यांच्यासाठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९८७ मध्ये माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि पुढे माओरी उच्चशिक्षण संस्थांनाही कायद्याने स्थान मिळाले. लिंडा तुहिवाई स्मिथ या माओरी विदुषीने १९९९ मध्ये संशोधनपद्धतींवर लिहिलेला ग्रंथ आज जगभरच्या विद्यापीठांत शिकविला जातो. ज्यांच्यावर इतरांनी प्रबंध लिहिले त्यांनी प्रबंध कसा लिहावा, हे आता जगाला सांगितले. समावेशन म्हणतात ते याला. प्रवेश अर्जावरची एक चौकट भरून घेणे फार सोपे असते.

विद्वत्तेचा हा मुद्दा भारतातही टोचणारा आहे. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात कोरकू आणि गोंडीची व्याकरणविषयक टिपणे आहेत. तो खंड १९०६ चा. भिल्ली बोलींचा खंड लगोलग १९०७ मध्ये आला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परक्या सत्तेच्या एका अधिकाऱ्याला या भाषांची दखल घ्यावीशी वाटली. त्याचे हेतू काहीही असोत, काम झाले. स्वतंत्र भारतात मानववंशशास्त्राचे विभाग निघाले, प्रबंधांचे गठ्ठे लागले, पुण्यात १९६२ मध्ये आदिवासी संशोधन संस्थाही स्थापन झाली. शब्दसंग्रह, चित्रमय पुस्तिका असे काही उपयुक्त साहित्य निघाले, हे मान्य केले पाहिजे. पण ते सारे 'पूरक'. परीक्षा त्यावर नाही, शिक्षकाचे मूल्यमापन त्यावर नाही, म्हणून ते कपाटात. मेळघाटावर प्रबंध लिहून विद्यावाचस्पती झालेल्यांची नावे ग्रंथालयांत सापडतील. त्यांतील किती जणांना कोरकूत दहा मिनिटे सलग बोलता येईल?

कौतुक मात्र भरपूर आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या हातून जगाला परिचित झालेली वारली चित्रे आज साड्यांवर, पेल्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर आहेत. त्याच वारली घरातील मूल शाळेत आपल्या बोलीतला शब्द लिहिते, तेव्हा ती शुद्धलेखनाची चूक ठरते आणि त्याखाली लाल रेघ येते. भिंतीवर वारली चालते, वहीत चालत नाही! भगवान बिरसा मुंडांच्या जयंतीला, १५ नोव्हेंबरला, २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस साजरा होतो. निर्णय उचित आणि फार आधी व्हायला हवा होता असा. त्या दिवशी आश्रमशाळांतील मुले रंगमंचावर पारंपरिक नृत्य करतात, पाहुणे भारावतात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुले वर्गात बसतात आणि आदल्या दिवशी ज्या गाण्यावर नाचली त्या गाण्याची भाषा बोलण्याची तेथे सोय नसते.

दोन आक्षेप हटकून येतात. पहिला व्यवहाराचा. पालकांनाच इंग्रजी हवे आहे, कोरकूत शिकून मुलांनी करायचे काय? परंतु मातृभाषेत शिकून तेथेच थांबा, असे कोणी म्हणत नाही. पायरी पहिली असेल तर दुसरी चढता येते. मुलाने वाचणे म्हणजे काय हे आपल्या भाषेत ओळखले, की मराठी आणि इंग्रजी त्याला लवकर येतात. हिंदीच्या वादात मराठी विचारवंतांनी हेच तर मांडले होते! ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा जनजातींच्या भाषांत प्राथमिक वर्गांची पुस्तके आणली आणि पुढे ही संख्या एकवीसवर नेली. साधनसंपत्तीत महाराष्ट्र ओडिशाहून मागे आहे, असे तर कोणी म्हणणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. धोरणाचा गौरव करणाऱ्यांनी त्यातील 'घरची भाषा' हे शब्द मेळघाटात, भामरागडात, धडगावात उभे राहून एकदा वाचावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो राष्ट्रीय विचारांच्या मंडळींकडूनच येतो. प्रत्येक लहान भाषेला असे उभे केले तर फुटीरतेला खतपाणी मिळेल, अशी ही भीती. इतिहास नेमके उलटे सांगतो. पाकिस्तानने बंगाली भाषकांवर उर्दू लादली, २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि १९७१ मध्ये देश दुभंगला. भारताने अटलबिहारी वाजपेयी यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात, २००३ मध्ये, ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडो आणि संथाली या भाषांना मैथिली व डोगरीसह आठव्या अनुसूचीत स्थान दिले. त्या भाषांनी देश तोडला काय? पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथालीसाठी घडविलेली ओल चिकी लिपी आज शाळांत आहे. २०११ च्या जनगणनेत बोडो भाषक सुमारे १५ लाख आहेत, गोंडी भाषक सुमारे ३० लाख आणि भिल्ली समूहाचे भाषक एक कोटीहून अधिक. या दोन्ही भाषा अद्याप अनुसूचीच्या बाहेर आहेत. एकात्मता आणि एकसाचीपणा यांतील भेद ज्यांनी समाजाला वर्षानुवर्षे शिकविला, त्यांनीच ऐन वेळी तो विसरावा, हे आश्चर्यकारक आहे.

मराठी समाजाला तर हे कोणी समजावण्याची गरज पडू नये. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी मुलाला मराठी शाळा, मराठी पुस्तक, मराठी शिक्षक मिळावा म्हणून या समाजाने सात दशके लढा दिला. ज्या ३५० अ अनुच्छेदाचा आधार सीमाभागातील मराठी मुलासाठी घेतला जातो, तोच अनुच्छेद धारणीच्या कोरकू मुलालाही लागू आहे. कर्नाटकात जो अन्याय, तो महाराष्ट्रात व्यवस्थेची अपरिहार्यता कसा ठरतो?

हेमलकशाला १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे गेले, तेव्हा त्यांना आधी माडिया शिकावी लागली. रुग्णाला कोठे दुखते हे कळल्याखेरीज औषध देता येत नाही. वैद्याला जे पहिल्या आठवड्यात उमगले ते शिक्षण खात्याला अजून उमगायचे आहे. शिक्षकाला मूल कोठे अडते हे कळायला हवे, ही अट आजही नेमणुकीत नाही. अनुसूचित क्षेत्रातील काही संवर्गांची पदे, त्यांत शिक्षकाचेही, स्थानिक जनजातीच्या उमेदवारांतून भरण्याची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. ती न्यायालयीन वादात अडकली आणि २०२४ मध्ये तात्पुरत्या मानधनावर नेमणुका करण्याची पाळी आली. पदविका घेतलेले कोरकू तरुण, गोंड तरुणी गावोगाव बसून आहेत.

महाराष्ट्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेत पहिली भाषा म्हणून मराठीबरोबर उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी आणि बंगाली यांचा पर्याय देण्यात आला आहे. बंगालीचा अंतर्भाव योग्यच आहे. पूर्व पाकिस्तानातून उद्ध्वस्त होऊन आलेल्या कुटुंबांचे गडचिरोली जिल्ह्यात पुनर्वसन झाले आणि त्यांच्या मुलांना आपल्या भाषेत शिकण्याचा अधिकार आहे. त्याच गडचिरोलीत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या गोंड आणि माडिया मुलांच्या भावी शिक्षकाने आपली भाषा कोणती लिहावी, याची रकाना मात्र त्या अर्जात नाही.